एका वेळी एकच खण

कपाटं घ्यायची हे धाकट्याने ठरवलं, तेव्हा दादाला आजारी पडून आठ महिने होत आले होते.

दादा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. दोघांनी सगळी नोकरी एकाच कारखान्यात काढली. दादा फिटर आणि धाकटा तपासणी खात्यात. म्हणजे दादाने घडवायचं आणि धाकट्याने मोजायचं. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यावरून तो माल परत पाठवायचा, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. हे नाव पाडलं होतं दादानेच. ‘हा लग्नाचा कसा राहिला?’ असं कुणी विचारलं की दादा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “मुलगी चांगली होती हो, पण हा तिला भेटायला जाताना व्हर्निअर घेऊन गेला.”

निवृत्त झाल्यावर दोघांनी तळमजल्यावरची गाडीची खोली रिकामी केली, खिडकीखाली जाड फळ्यांचं टेबल टाकलं, वस्तू घट्ट धरायची व्हाइस बसवली आणि ओळखीपाळखीच्या लोकांची शिलाई मशीनं, पंप, दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून द्यायला लागले. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहत, धाकटा खालच्या एका खोलीत. जेवणखाण वर, काम खाली. बोलायचं दादाने आणि ऐकायचं धाकट्याने. ही वाटणी कुणी केली नव्हती, आपसूक होऊन बसली होती. बारा वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी दादाच्या हातातली कानस खाली पडली. उचलायला तो वाकलाच नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. महिनाभराने तो दवाखान्यातून परत आला तेव्हा पाय चालत होते, उजव्या हातात जेमतेम जोर होता आणि शब्द गेले होते. ऐकलेलं बहुतेक कळायचं, पण बोलायला तोंड उघडलं की एकच निघायचं, “बरं का.” भूक लागली तरी बरं का, राग आला तरी बरं का. वाचणंही गेलं होतं. बोलणं शिकवायला एक बाई येत, त्या म्हणाल्या, “शब्द कधी येतील सांगता येत नाही. पण हातांना जुनं काम द्या. हात चालले की माणूस चालतो.”

आता हातांना काम द्यायचं म्हणजे काय कुणी सांगायला हवं होतं का? दादा रोज सकाळी स्वतःहून जिना उतरून खाली यायचा. पण टेबलावर बारा वर्षांचा ढीग होता. दादाची पद्धत अशी की हत्यार जिथं वापरून झालं तिथंच ठेवायचं. पूर्वी त्या ढिगात तो डोळे मिटून हात घालायचा आणि हवं ते काढायचा. आता हात घालायचा आणि नको तेच निघायचं. पक्कड निघायची, बघून बाजूला टाकायचा. हातोडी निघायची, तीही टाकायचा. मग श्वास जोरात व्हायचा. धाकट्याला ते बघवायचं नाही. तो मध्ये पडायचा.

“काय हवंय, दादा? पाना? कितीचा, बाराचा? चौदाचा? की पेचकस?”

दादा मान हलवत राहायचा. नाही, नाही, नाही. आणि मग जे हवं होतं तेही डोक्यातून जायचं, आणि तो जिना चढून वर निघून जायचा.

एकदा तो असा वर गेला, तेव्हा वहिनी खाली आल्या.

“भावजी, स्पष्टच बोलते,” त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. “लेकीने नवं घर घेतलंय, तळमजल्यावरचं. समोर दवाखाना. ‘दोघं या’ म्हणून रोज फोन करते. मला जायला आवडेल, खोटं कशाला बोलू? पण तिथं ह्यांनी दिवसभर काय भिंत बघत बसायचं? हात रिकामे राहिले तर हा माणूस वर्ष काढायचा नाही. इथं कामात रमले तर इथंच राहू. दोन महिने बघते. नाही रमले, तर मात्र जाऊ.”

“बरोबर आहे,” धाकटा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्या गेल्यावर तो बराच वेळ खोलीच्या मधोमध उभा राहिला. वरून पावलांचे आवाज येत होते. वहिनींची पावलं कोणती आणि दादाची कोणती, हे त्याला न बघता कळायचं. वर कुणीच नसेल तर छत कसं वाटेल, याचा अंदाज घ्यायचा त्याने प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला.

त्याचं निदान साधं होतं. दादाला हत्यारं सापडत नाहीत, कारण हत्यारांना जागा नाहीत. जागा दिल्या की सापडतील. जागा म्हणजे खण. आणि खण म्हणजे नीट पारखून घेतलेलं कपाट.

पारखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने आधी ढिगातलं प्रत्येक हत्यार पुसलं, मोजलं, वजन केलं आणि वहीत लिहिलं. एकूण दोनशे बारा हत्यारं निघाली. त्यांची उंचीनुसार वर्गवारी केली तेव्हा त्याला समाधान देणारी एक गोष्ट आढळली : दीडशेच्या वर हत्यारं अशी होती, की ती आडवी ठेवली तर पंच्याहत्तर मिलिमीटर उंचीच्या खणात सहज मावत. म्हणजे उथळ खण जास्त हवे, खोल खण थोडे. खोल खणात हत्यारांवर हत्यारं बसतात आणि पुन्हा ढीगच होतो, फक्त झाकलेला. हे वाक्य त्याने वहीत अधोरेखित केलं.

हत्यारांचं दुकान तीन रस्ते पलीकडे होतं. ते चालवणारी बाई चाळिशीची, मोठ्या आवाजाची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या दिवशी तिने त्याला सगळी कपाटं दाखवली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. तिसऱ्या दिवशी तो पिशवीतून चौदा किलो कानशी आणि छिन्न्या घेऊन आला, त्या एका खणात भरल्या, खण पूर्ण बाहेर ओढला आणि पुढची कड किती खाली झुकते ते मोजायला लागला.

“काका,” बाई म्हणाली, “तुम्ही कपाट घेताय की जावई शोधताय?”

“झुकला तर पुढे अडकतो,” धाकटा खाली बसल्या बसल्या म्हणाला.

“कोण, जावई?”

धाकटा हसला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याची थट्टा केली होती. ती अजून थोडी चालली असती तरी त्याची हरकत नव्हती. म्हणून त्याने आणखी दोन खण मोजले, जे मोजायची तशी गरज नव्हती.

हलक्या कपाटांचे खण चाकांवर चालत आणि अर्धेच बाहेर येत. मागची हत्यारं अंधारात राहत. ती बाद झाली. लाकडी कपाट देखणं होतं, पण लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं, तेही बाद. उरलं एक जाड पत्र्याचं, राखाडी रंगाचं, सात खणांचं. पाच उथळ, दोन खोल. छर्‍यांच्या पट्ट्यांवर खण असा सरकायचा, की एका बोटाने ओढावा. शिवाय त्यात एक खास सोय होती. एक खण उघडला की बाकीचे आपोआप अडकायचे.

“एका वेळी एकच खण,” बाई म्हणाली. “सगळे एकदम ओढले तर कपाट तोंडावर येतं ना, म्हणून.”

“गुरुत्वमध्य पुढे सरकतो,” धाकटा म्हणाला. त्याला ही सोय फार आवडली. ज्याने कुणी ती योजली तो आपल्यासारखाच असणार, असं त्याला वाटलं.

“आणि हे नको का?” बाईने कोपऱ्यातल्या उतरत्या उघड्या ट्रेंकडे बोट केलं. “दुरुस्तीवाले हेच नेतात. सगळं समोर.”

“धूळ बसते.”

“बसू दे की बिचारी. बरं, वापरणार कोण, तुम्हीच?”

“माझे मोठे भाऊ.”

“मग त्यांना आणा एकदा. स्वतः ओढून बघू देत.”

“त्यांना दुकानात वगैरे त्रास होतो,” धाकटा म्हणाला. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे होतं, की दादाला आणायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. आयुष्यभर त्याने दादाचं काम दादाच्या पाठीमागे मोजलं होतं.

दोन कपाटं आली. चौदा खण. पुढचे नऊ दिवस धाकटा एकटाच खपला. प्रत्येक खणात काळा फोम घातला आणि प्रत्येक हत्याराचा आकार त्यात धारदार पातीने कापून काढला, म्हणजे हत्यार आपल्या खोबणीत बसावं आणि एखादं नसलं तर रिकामी खोबण दिसावी. पाट्या लिहून उपयोग नव्हता, दादाला वाचता येत नव्हतं. हे तो विसरला नाही. त्याने चित्रं काढली. पण चित्रं काढायची म्हणजे त्याला एकच रीत ठाऊक होती : समोरून, वरून आणि बाजूने, तीनही अंगांनी, बारीक पेन्सिलने, पट्टी लावून. पान्याच्या खणावर पान्याची तीन दृश्यं. कानशीच्या खणावर कानशीची तीन दृश्यं. बाजूने बघितलं तर कानस आणि छिन्नी दोन्ही एका आडव्या रेघेसारख्याच दिसतात, हे काढताना त्याला खटकलं. पण रीत म्हणजे रीत.

दहाव्या दिवशी सकाळी दादा खाली आला आणि दारातच थबकला. टेबल रिकामं होतं. मधोमध शेजारच्या शिंपीणबाईंचं बिघडलेलं मशीन तेवढं ठेवलेलं.

“बघ तर खरं!” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, इतका उत्साह त्यात होता. “ओढ कुठलाही.”

दादाने डाव्या हाताने एक खण ओढला. तो लोण्यासारखा बाहेर आला. पाने होते. दादाने ते बघितले, त्याचा चेहरा जरा उजळला, आणि तो खण तसाच उघडा ठेवून, जसं त्याने जन्मभर सगळं उघडं ठेवलं होतं, त्याने खालच्या खणाला हात घातला. खण हलला नाही. त्याने जोर लावला. त्याच्या खालचा ओढला. तोही नाही.

“बरं का,” दादा म्हणाला. “बरं का!”

“आधी वरचा बंद कर, दादा. एका वेळी एकच. ती सोय आहे.”

दादाने वरचा खण ढकलून बंद केला. पाने गेले. त्याच्यासमोर एकसारखे चौदा राखाडी चेहरे होते, प्रत्येकावर बारीक रेघांचं चित्र. दादाने एक खण ओढला, बंद केला. दुसरा ओढला, बंद केला. कशासाठी ओढतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू पुसलं जाताना धाकट्याला दिसत होतं.

“पाना हवा ना? तिसरा खण. डावीकडचं कपाट. नाही, डावीकडचं. तिसरा!”

दादाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, परक्याच्या घरी चुकून शिरलेला माणूस बघतो तसं. मग तो वळला आणि कठड्याला धरून जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आठवडा गेला. धाकटा रोज वेळेवर खोली उघडायचा, दिवा लावायचा आणि त्या दोन कपाटांसमोर बसायचा. शिंपीणबाईंचं मशीन त्याला दुरुस्त करता आलं असतं, पण ते दादाचं काम होतं. खोली इतकी नीटनेटकी होती, की तिच्यात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कधी कधी तो एखादा खण ओढायचा आणि सोडायचा. छर्‍यांचा आवाज छान यायचा.

दादाने खाली येणं सोडलं त्याच्या अकराव्या दिवशी धाकटा वर चहाला बसला होता. दादा उठला, फळीपाशी गेला, स्वतःचा कप काढला, साखरेची बरणी काढली, चमचा घेतला, सगळं डाव्या हाताने, न अडखळता. धाकटा बघत राहिला. दादा कप घेऊन खिडकीपाशी गेल्यावर त्याने हळूच विचारलं, “वहिनी, ह्याला इथं सगळं कसं सापडतं?”

“न सापडायला काय झालं? समोरच तर आहे.”

तेव्हा त्याचं लक्ष गेलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला दारं नव्हती. बिजागऱ्यांच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी होती.

“दारं कुठं गेली?”

“पलंगाखाली आहेत. दवाखान्यातून आणलं त्याच आठवड्यात काढली मी.” वहिनी त्याच्याकडे बघायला लागल्या. “भावजी, आठ महिने रोज दोन वेळा इथं बसून चहा पिता की हो! तुम्हाला काय वाटलं, दारं रुसून निघून गेली?”

“माझ्या लक्षात नाही आलं.”

“मायक्रॉन म्हणे!” त्या म्हणाल्या, आणि मग जरा मवाळ आवाजात, “पहिल्या दिवशी बंद दारासमोर उभे होते. कप हवा होता. दार उघडायचंच सुचेना. मी दार उघडलं, तर लगेच उचलला. म्हटलं, दारच नको मग.”

धाकटा खाली आला आणि कपाटांसमोर बसला. तो स्वतः हत्यार कसं काढतो, हे त्याने पहिल्यांदाच तपासून बघितलं. आधी मनात यायचं, ‘बाराचा पाना’. मग तो कुठल्या खणात आहे ते आठवायचं. मग हात जायचा. म्हणजे आधी नाव, मग खण, मग वस्तू. दादाकडे नावच नव्हतं. नाव नसेल तर खण बंद झाल्यावर मनात धरून काय ठेवायचं? वस्तू डोळ्यांसमोर असेल तेवढा वेळच ती असणार. ढिगात ती एकावर एक पडल्याने दिसत नव्हती, आणि खणात ती आपण झाकून टाकली. निदान अर्धं बरोबर होतं. अर्धं बरोबर निदान पूर्ण चुकीच्या निदानाहून जास्त त्रास देतं, कारण ते सोडून द्यायला मन होत नाही.

प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना, पट्टीच्या आत, एक लहान काळी खिट्टी असते. एक वर दाबायची, दुसरी खाली, की पूर्ण खण कपाटातून सुटून हातात येतो. त्याने चौदाच्या चौदा खण सोडवले. भिंतीच्या कडेने घोड्या मांडून, त्यांवर फळ्या टाकून, पुढची बाजू उतरती ठेवून ते ओळीने लावले. चित्रं खरवडून काढली. दोनशे बारा हत्यारं उघडी पडली. आता खोलीत शिरणाऱ्याला एकही हत्यार शोधावं लागणार नव्हतं. नुसतं बघावं लागणार होतं.

दादाला बोलवायला तो गेला नाही. दार तेवढं उघडं ठेवलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. दारात उभा राहिला. मग डाव्या भिंतीपासून सुरुवात करून, खण बघत बघत, एखादं जुनं पत्र वाचावं तसा हळूहळू चालत गेला. मशीनपाशी आला, चाक फिरवून बघितलं, अडकतंय कुठं ते बोटांनी चाचपलं आणि परत खणांकडे वळला.

त्याला बाराचा पाना हवा होता. तो तिसऱ्या खणात, वरच्या ओळीत, डावीकडून चौथा होता. धाकट्याला तो बसल्या जागेवरून दिसत होता. दादाची नजर त्याच्यावरून गेली, पुढे गेली, परत आली, पुन्हा चुकली. धाकट्याच्या ओठांवर शब्द येऊन बसला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. चार मिनिटं गेली. एवढी लांबलचक चार मिनिटं त्याने कधी कुठल्या यंत्राने मोजली नसतील. मग धातूला धातू लागल्याचा आवाज आला. दादाने पाना उचलला होता.

दुपारपर्यंत मशीन उघडलं. संध्याकाळी शिंपीणबाई येऊन ते चालवून बघत होत्या आणि दादा मान डोलावत होता. त्यानंतर तो रोज आला. काम सावकाश चाले. दिवसाला जिथं तीन मशीनं होत तिथं आठवड्याला एक. धाकटा न बोलायला शिकला. दोघं पाठीला पाठ लावून बसत. पूर्वी या खोलीत दादाची बडबड असायची, आता कानशीचा आवाज असायचा. धाकट्याला तेवढं पुरत होतं. पुरवून घ्यायची त्याला सवय होती.

दोन महिने भरले. वहिनी जिन्यातूनच म्हणाल्या, “ठरलं मग, भावजी. हे रमलेत. लेकीला कळवते, येत नाही म्हणून.”

धाकट्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने त्या दिवशी उगाचच सगळी खोली झाडून काढली. झाडताना वरचा फोन ऐकू येत होता.

“नाही गं, छान चाललंय त्यांचं… मला काय होतंय? गुडघे काय आजचे आहेत का?… नाही गं, रडत नाहीये, सर्दी झालीये.”

थोड्या वेळाने वहिनी कपडे वाळत घालायला अंगणात आल्या. वर जाताना त्यांनी बादली आधी एका पायरीवर ठेवली. मग त्या पाठमोऱ्या पायरीवर बसल्या, हातांवर भार देऊन एक पायरी वर सरकल्या, बादली उचलून शेजारी घेतली, पुन्हा सरकल्या. सतरा पायऱ्या. मध्ये दोनदा थांबल्या. आपल्याला कुणी बघत नाही याची त्यांना खात्री असावी; आणि इतके महिने तसं खरंच कुणी बघितलं नव्हतं.

धाकट्याने झाडू कोपऱ्यात ठेवला.

एक गोष्ट त्याला ठाऊक होती, जी वहिनींच्या लक्षात आली नव्हती. त्यांना वाटत होतं दादा या खोलीत रमलाय. पण दादा रमला होता तो चौदा उघड्या खणांत. आणि खण हे उचलण्यासारखे असतात. अर्थात ही अटकळ होती. आणि अटकळीवर शेरा मारून सही करणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. तपासून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा उठायच्या आत त्याने पाच खण वर नेले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणि ओट्याच्या कडेला मांडले, मधोमध एक बिघडलेला वजनकाटा ठेवला. वहिनी बघतच राहिल्या. “हे काय मांडलंय? इथं आम्ही जेवायचं की नट पिळायचे?”

“अर्धा तास द्या,” तो म्हणाला, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. खोली वेगळी, उजेड दुसऱ्या बाजूने येणारा, टेबल ठेंगणं. फरक पुष्कळ होते. दादा नुसता येऊन चहा पिऊन खाली गेला असता, तर प्रश्न मिटला असता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्याला माल नापास व्हावा असं वाटत होतं.

दादा आला. खणांकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. खुर्ची ओढून बसला, डाव्या हाताने काटा जवळ घेतला आणि पेचकस उचलला.

“वहिनी,” थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, “ह्याला खालची खोली लागत नाही. हे खण लागतात. ते कुठंही नेता येतात.”

वहिनींच्या हातातलं फडकं थांबलं. “म्हणजे?”

“लेकीकडेही.”

त्या खुर्चीवर बसल्या. फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?”

“कळतंय.”

“तुम्ही इथं एकटे…”

“मला काय होतंय? जिना तुम्हाला जड जातो, मला नाही.”

वहिनींनी तोंड फिरवलं आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागल्या. मग मागे न बघताच म्हणाल्या, “ह्यांनाही विचारायला हवं.”

त्यांनी दादाला सगळं सांगितलं, सावकाश, हातवारे करत. दादाने ऐकलं. मग त्याने धाकट्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून, जे येणार होतं ते त्याला ठाऊक असल्यामुळे असेल, पुन्हा मिटलं. त्याने टेबलावरून हात पुढे करून धाकट्याच्या मनगटावर ठेवला. बोटांना तेल होतं. मग हात काढून घेतला आणि काट्याचा दुसरा स्क्रू सोडवायला लागला.

पुतणीशी फोनवर धाकटाच बोलला. भाबडी पोरगी आनंदाने दोन वेळा रडली आणि मग कामाला लागली. तिच्या बैठकीला लागून एक बंदिस्त पडवी होती, जी ती रिकामी करणार होती. “काका, तुम्हीच नीट सांगा. मी लिहून घेते.”

त्याने सांगितलं. खणांची लांबी, रुंदी. फळ्यांचा उतार वीस अंश, त्याहून जास्त नको, हत्यारं घसरतात. उजेड डावीकडून आला पाहिजे. टेबलाची उंची आठशे चाळीस मिलिमीटर.

“साडेआठशे चालेल का, काका?”

“नाही. आठशे चाळीस.”

“बरं बाबा, आठशे चाळीस,” ती हसली. “आणि तुम्ही पण येणार ना? म्हणजे राहायला नाही तरी… इथं जागा तशी…”

“येईन ना अधूनमधून.”

“नक्की या.” कागद चाळल्याचा आवाज आला. “आणि टेबलापाशी स्टूल किती ठेवू? एक की दोन?”

वर, स्वयंपाकघरातल्या खणांपाशी, दादाने कशावर तरी हातोडी मारली, थांबला, आवाज ऐकून पुन्हा, जरा हलक्या हाताने मारली. धाकट्याने ते संपेपर्यंत ऐकलं.

“एकच ठेव,” तो म्हणाला. “दुसरं मध्ये येतं.”